दोन गाठी

लीलंड ऑल्विन ऑक्टोबरात दवाखान्यात गेला
आणि त्याचं पाणी मोकळं राहिलं.
मोकळं म्हणजे, तळाशी शेवंडी होत्याच,
पण आमच्या डॉर्कस हार्बरात
आजारी माणसाच्या पाण्यात कुणी पिंजरा सोडत नाही.

हे कुठे लिहिलेलं नाही.
मेनच्या किनाऱ्याच्या नकाशात ती हद्दही नाही.
चर्चचा मनोरा पिंप-खडकाआड गेला
की तिथून घंटेच्या बोयापर्यंत लीलंडचं,
हे आमचं बाळकडू.

मी सोसायटीच्या धक्क्यावर वजनं करते.
ओरिन बीलच्या टोपल्या तीन आठवडे जड येत होत्या.
मी आकडा वहीत लिहिला
आणि जेवताना नवऱ्याच्या कानावर घातला.
एवढंच केलं मी.
बटाटे वाढता वाढता.

दुसऱ्या दिवशी ओरिनच्या नारिंगी बोयाच्या दांडीला
दोरीच्या दोन गाठी.
निरगाठ नव्हे, ओढली की सुटेल अशी,
पोरंसोरं घालतात तसली.
त्याने त्या सोडवल्या
आणि पिंजरा परत तिथेच टाकला.

मग पिंजऱ्याचं दार उघडं, आमिष गायब,
आत एक वीट.
मग सुरी.

का गेला तिकडे, कुणी विचारलं नाही.
विचारायचं म्हणजे ऐकून घ्यावं लागतं.

शिवी म्हणाल तर कुणी दिली नाही.
डायनरमध्ये त्याची कॉफी गरमच येत होती,
रविवारी स्तोत्रांचं पुस्तक शेजारचा त्याच्यापुढे सरकवत होता,
त्याच्या विनिफ्रेडच्या साखरपुड्याला
ब्लूबेरीचा केक मीच घेऊन गेले.
त्याच्या बायकोने सुरी दिली कापायला.
माझा हात, खरं सांगते, जरा अडला.

डिसेंबरात धुक्यात त्याचं इंजिन बंद पडलं,
रेडिओवर नुसती खरखर, आणि मधेच त्याचा आवाज.
सात बोटी सुटल्या.
माझा नवरा जेवणाच्या ताटावरून उठला.
ज्यांनी त्याचे दोर कापले
त्यांनीच दोर टाकून त्याला ओढत आणलं,
दोन्ही दोर एकाच रिळाचे.
धक्क्यावर कुणीतरी रमची बाटली पुढे केली.
ओरिन रडत होता की गारठला होता, कळलं नाही.

त्याच आठवड्यात त्याचे आणखी चौदा पिंजरे गेले.

एप्रिलात लीलंड वारला.
सगळे काळ्या कोटात, सगळ्यांच्या नखांत आमिषाचा वास.
ओरिनही होता, मागच्या बाकावर.

दोन आठवडे काही नाही.
मग एक हिरवा बोया, घंटेच्या अलीकडे.
मग पिवळे.
जूनपर्यंत लीलंडचं पाणी
जत्रेसारखं फुललं होतं,
आणि मनोऱ्याच्या रेषेवर, अगदी मधोमध,
आमचे निळे-पांढरे.
मी बाहेरच्या जिन्यावर उभी राहून मोजले. बावीस.
एकाही दांडीला गाठ नव्हती.

म्हणजे ओरिनचं चुकलं ते इतकंच,
सहा महिने?

नवऱ्याला म्हटलं तसं.
तो म्हणाला, माणूस जिवंत होता तेव्हा.
बरोबर आहे त्याचं.
मी ताटं उचलली.
बरोबर आहे, तरी ते घशाखाली जात नाही.

कापलेला पिंजरा तळाशी काम सोडत नाही.
आत अडकलेली शेवंड मरते,
तिच्या वासाने दुसरी येते,
दुसरीच्या वासाने तिसरी.
चौदा अधिक आधीचे किती, मला ठाऊक नाही.
ते वजन माझ्या वहीत येत नाही.

ओरिनने बोट विकली.
आता तो हमरस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात असतो.
दोर लागला की आम्ही तिथेच जातो, दुसरं दुकान नाही.
तो माझ्या नवऱ्याला विचारतो, किती?
आणि हात पसरून मोजायला लागतो,
छातीवरून, एक हात, दोन हात,
घाई न करता,
आणि शेवटी वीतभर जास्तच देतो,
दर वेळी.