ओ

बायन लेपासच्या कारखान्यात तेवीस वर्षं
मी चिपांचे पाय पाहत होते.
भिंगाखाली यायची एकेक, काळी, उताणी.
पाय वाकडा असेल तर लाल खोक्यात,
सरळ असेल तर पुढे.
आत काय चालतं ते विचारायची पद्धत नव्हती,
दवाखान्यात फरशी पुसणारीनं
रोग्याची नाडी धरू नये, तसं.

मग आमची लाइन दुसऱ्या देशात गेली.
निरोपाला सगळ्यांना एकेक छत्री मिळाली.

आता स्वयंपाकघराच्या टेबलावर तीच चिप,
हिरव्या पाटीवर बसवलेली,
आणि शेजारी अकराशे चौतीस पानं,
कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या मुनियांडीनं
तीन भागांत बांधून दिलेली.
"मुलाची परीक्षा का, आंटी?"
"माझी," म्हटलं.

काम तसं छोटं.
बालिक पुलाऊला दिराचं जायफळं वाळवायचं गोदाम आहे.
हवेत ओल वाढली की पंखा लागावा,
एवढंच.
दीर म्हणतो, त्यात शिकायचं काय,
बटण दाबायला पोरगा ठेवलाय की.
पोरगा झोपतो. जायफळाला बुरशी येते.

पहिल्या रात्री साधा दिवा लागेना.
पाय बरोबर, दिशा बरोबर, आकडा बरोबर.
माशी शिंकली कुठे, म्हणून नमुन्याचा कोड
ओळीला ओळ लावून पाहिला,
तांदूळ निवडावेत तसा.
एक ओळ मी गाळली होती, बिनकामाची समजून:
या भागाला आधी घड्याळ जोडा.
ठोका मिळाला नाही
तर तो भाग लिहिलेलं घेत नाही,
तक्रारही करत नाही.
वाचायला जावं, तर शून्य.

मला लाइनवरची ग्वाट हुआ आठवली.
आल्यापासून चार दिवस
तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं,
आणि आम्ही सगळ्या म्हणायचो, मठ्ठ आहे.

हळूहळू पुस्तकाची बोली कळू लागली.
'राखीव' लिहिलंय तिथे हात लावायचा नाही.
झेंडा पुसायचा असेल तर त्यावर एक लिहायचा.
शून्य नाही. एक.
हे मी तीनदा वाचलं, नवऱ्याला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, छापखान्याची चूक असेल.
चूक नव्हती.
चुकांची यादी वेगळी असते, अठरा पानांची.
तिथे कंपनी स्वतःच लिहिते, अमुक चालत नाही.
खाली: उपाय – नाही.
इतकं सरळ उत्तर मला
त्या इमारतीतून कधी मिळालं नव्हतं.

आणि नमुना लिहिणारा, कोण कुठला,
एका ओळीशेजारी सांगून गेलाय:
हा थांबा काढू नका. का लागतो, मलाही ठाऊक नाही.
मी काढला नाही.

ओल मोजणारा तुकडा नखाएवढा.
दोन तारांवरून त्याला पत्ता घेऊन हाक मारायची
आणि त्यानं ओ द्यायची.
ओ म्हणजे काय,
तर एक तार क्षणभर खाली ओढून धरणं.
बस. आवाज नाही.

सहा रात्री मी हाका मारल्या.
तुकड्याचं पत्रक पत्ता सात घरांचा सांगतं,
नमुना तोच पत्ता एक घर सरकवून लिहितो.
दोघंही खरं बोलतात.
मी मधल्यामध्ये, चुकीच्या दारावर
थापा मारत उभी.

सातव्या रात्री तार खाली गेली.
पडद्यावर एकोणऐंशी.
मी तुकड्यावर फुंकर घातली, चष्मा पुसताना घालतात तशी.
त्र्याण्णव.
पुन्हा घातली.
नवरा आतून म्हणाला, कोणाशी बोलतेस?

पंखा अजून जोडायचाय.
त्यासाठी दुसरा भाग, पान सहाशे बारापासून.

झोपण्याआधी सवयीनं भिंग काढलं
आणि चिपेचे पाय पाहिले.
उजवीकडून चौथा, किंचित तिरका.
माझ्या हाताखालून
ही लाल खोक्यात गेली असती.