आवक-जावक

कपाटाला खालून वाळवी लागली
म्हणून आज सगळी रजिस्टरं पडवीत उन्हाला मांडली,
पावसेकाकींच्या सुकत्या बांगड्यांच्या शेजारी.
मांजराला दोन्हींत सारखाच रस.

पहिलं पान एकोणीसशे त्रेपन्नचं. शाई विटकरी झालीय.
'शाळा आडेखोल, खारवीवाडी. जागा: जाळी ठेवायची खोप.
हजर बावीस. मासेमारीस गेलेले नऊ.'
तेव्हा दिल्लीतलं शिक्षण मंत्रालयही
फार तर पहिलीतलं पोर.

तिथलं पत्र इथवर सरळ येत नाही.
मुंबई, रत्नागिरी, तालुका, केंद्र,
मग तरीवाल्या दाऊदच्या सदऱ्याचा खिसा.
भरतीचं पाणी खाडीत वरवर चढत जावं तसं.
पोचेस्तोवर गोडं की खारं
चाखूनही सांगता येत नाही.

शहात्तर साली घटनेतली एक ओळ सरकली.
राज्याचं शिक्षण दोघांचं झालं.
त्या पानाच्या समासात वैशंपायन मास्तरांनी
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
'भागीचं घोडं किवणानं मेलं.'
आणि मग, साहेब येणार असतील म्हणून, खोडलंय.
नीट खोडलं नाही.

पंच्याऐंशीत मंत्रालयाचं नावच बदललं.
मानव संसाधन विकास.
घारू वासाव्यानं विचारलं म्हणतात, संसाधन म्हंजे काय वो?
मास्तर म्हणाले, कामाला येणारी वस्तू.
म्हंजे वल्हं.
तसंच काहीसं.
घारू बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
पोरं आमची वल्ही झाली, तर होडी कोणाची?
याची नोंद रजिस्टरात नाही. वाडीत आहे.

पण खडू-फळा मोहिमेचा फळा मात्र खरंच आला.
होडीत आडवा टाकून, त्यावर चार पोरं बसून.
त्याच फळ्यावर मी बाराखडी शिकले,
त्याच फळ्यावर आता शिकवते.
खालचा डावा कोपरा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लाय;
तिथं 'ज्ञ' कधीच पुरा उमटत नाही.

पुढे कायदा झाला. प्रत्येक मुलाला शाळा,
घरापासून एक किलोमीटरच्या आत.
मी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला होता, वर्गात कोणी नसताना.

दोन हजार वीस. पुन्हा शिक्षण मंत्रालय.
लग्नात बदललेलं नाव
एखादीनं म्हातारपणी परत लावावं तसं.
बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

आणि या सोमवारचं, आवक क्रमांक एकतीस:
पट चार. सबब समायोजन.
नजीकची शाळा सरळ रेषेत नऊशे मीटर.
नकाशात खाडी निळी रंगवलीय,
पण मोजपट्टी ओली होत नाही.

सकीना होडेकर, इयत्ता तिसरी, पानं उलटायला मदत करत होती.
बाई, दिल्लीला खाडी हाय?
नदी आहे. यमुना.
तिला भरती येते?
नाही गं.
मग त्यांना कसं कळणार, ती म्हणाली,
कधी निघायचं आन् कधी थांबायचं.

जावक क्रमांक सतरा.
विषय: अंतराबाबत.
सोबत जोडलं आहे: जून ते एप्रिल,
शाळेच्या वेळेतील भरती-ओहोटीचा तक्ता,
सकीनाच्या अक्षरात.
दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय.
मी दुरुस्त केलं नाही.

दाऊद घाट्यावर हाक मारतोय.
पाणी उतरायला लागलं.