भुंगा

पंपाच्या पोटाखाली चार स्क्रू.
एकाचा आटा गेलेला, तो सुरीच्या टोकानेच उचलावा लागतो.
आत चुंबक, पत्र्याची जीभ
आणि नाण्याएवढा रबरी पडदा.
त्याला चीर गेलेली.
बल्बसमोर धरून ताणला तेव्हा दिसली,
नख उमटावं तेवढी.

पहाटे तीनला गोल्डफिश वरच्या थराला तोंडं लावून होते,
रेशनच्या खिडकीवर लोक लावतात तशी.
सकर काचेवरून सुटून तळाशी आडवा.
मग मी तांब्या घेतला.
टाकीतलं पाणी टाकीतच, हातभर उंचीवरून सोडायचं,
धार फुटेल, फेस येईल असं.
साडेपाचपर्यंत सोडत होतो.
मृदुला झोपेतच म्हणाली, कुणाला अंघोळ घालताय?

दगडही काढला. हवेचा दगड, निळा होता कधीकाळी.
भांडुपच्या नळाचा सगळा चुना त्याच्या भोकांत बसलेला.
रात्रभर व्हिनेगरमध्ये, मग उकळत्या पाण्यात,
मग नळी तोंडात धरून मीच फुंकलं.
आधी काही नाही.
गाल दुखले. कानात दडे बसले.
मग एका बाजूने दोन बुडबुडे आले, वाकडे, नाखूश,
माझ्या छातीतले.

कुर्ल्याला इम्तियाजच्या दुकानात
पिशव्यांमधले मासे खिळ्यांना टांगलेले.
तो म्हणाला, पडदा आता येत नाही शेठ, कंपनीच गेली.
हा घ्या. सायलेंट.
आणि पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा,
नाहीतर लाइट गेली की
टाकी नळीतून उतरून लादीवर येते.
वीस रुपयांचा व्हॉल्व्ह त्याने स्वतःहून घातला,
बाण कुठल्या दिशेला ते दोनदा दाखवून.

नवा पंप खरंच बोलत नाही.
हात ठेवला तर कळतं, चालू आहे.
मासे खाली गेले, सकर काचेला चिकटला,
घर एकदम मोठं वाटायला लागलं.
फ्रिज ऐकू आला.
मृदुलाचं पान उलटणं ऐकू आलं.
बोलायला हवं असं दोघांनाही वाटलं असावं,
आम्ही टीव्ही लावला.

चौथ्या रात्री दारावर कोचरेकर बाई.
भिंतीपलीकडच्या. साडेअकराला, गाउनवर शाल.
याच बाईंनी सोसायटीला दोन अर्ज दिले होते:
'यांचा भुंगा रात्रभर माझ्या उशाशी गुणगुणतो.'
दुसऱ्या अर्जाला झेरॉक्सही जोडलेली, पहिल्याची.
मला वाटलं आता तिसरा.
त्या आत न येता म्हणाल्या,
मासे मेले का हो?
नाही म्हटल्यावर जरा थांबल्या.
मग भुंगा कुठाय?
अहो, त्याच्यावर चिडता चिडता डोळा लागायचा माझा.
आता चिडायचं कशावर?

रविवारी विक्रोळी स्टेशनबाहेर सायकलवाल्याकडून
जुन्या ट्यूबचा तुकडा आणला.
नाणं ठेवून पेनने गोल काढला, कात्रीने कापला.
पहिला जाड झाला, पंप नुसताच थरथरला.
दुसरा पातळ जागेचा, पंक्चरच्या ठिगळापासून दूर.
तो बसला.
भुर्र. तेच. किंचित घोगरं.

आता तो कन्नमवारनगरच्या त्याच भिंतीपलीकडे,
त्यांच्या फळीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीशेजारी.
बरणीत पाणी, तळाशी माझा उकळलेला दगड.
मासा नाही.
ठेवा की एखादा, म्हटलं, तर म्हणाल्या,
जिवंत गोष्टीचं मला कशाला लचांड.
पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदलतात,
मृदुलाने पाहिलंय.

काल जिन्यात अडवलं:
अहो, रात्री मंद वाजत होता. पडदा गेला की काय?
आवाजात जुना अर्ज होता.
मी वर येऊन
आटा गेलेल्या स्क्रूसाठी
सुरी शोधायला लागलो.