मोरचूद आणि अजिनोमोटो

ग्लुटामिक ॲसिडची बाटली यंदाही आली नाही.
अर्ज मार्चमधला. हेडक्लार्कच्या टेबलावर
त्याच्यावर आता कुणाच्या तरी मुलीची लग्नपत्रिका आहे.

मग प्रणोती शिगवणने दप्तरातून पुडी काढली.
"सर, दादाच्या गाडीवरचं आहे. चालेल?"
कांजूरच्या पुलाखाली तिचा भाऊ
रात्री बारापर्यंत ट्रिपल शेजवान परततो.
पुडीला व्हिनेगरचा वास, आत
पांढऱ्या बारीक सुया.
चालेल, म्हटलं. रेणूला कुठे ठाऊक
आपण कुठल्या दुकानातून आलो ते.

मोरचूद पाष्ट्यांनी आणलं, हार्डवेअरवाल्याकडून,
ठेचून, दोनदा गाळून.

फळ्यावर मी तांब्याचा अणू काढला,
त्याच्याभोवती चार-पाच रिकाम्या जागा,
पाट मांडलेत आणि अजून कुणी बसलेलं नाही अशा.
ग्लुटामेट एका टोकाला दोन हातांनी धरतं,
चिमट्यात धरावं तसं,
आणि उरलेला हात लांबवतं
पुढच्या तांब्याकडे.
तिथलं त्याच्या पुढच्याकडे.
"कुठपर्यंत, सर?"
द्रावण पुरेल तिथपर्यंत.

पहिल्यांदा नुसता निळसर चिखल झाला.
घाई माझीच.
दुसऱ्यांदा चंचुपात्रावर फिल्टर पेपर झाकून
कपाटावर ठेवलं, आणि दिवाळीची सुट्टी लागली.
पाष्टे म्हणाले, "तिकडे झाडूसुद्धा लावणार नाही."

प्रणोती डावखुरी. तिचं जर्नल
तिच्याच तळहाताने पुसत जातं, ओळीमागून ओळ.
तिने विचारलं होतं, ह्यालाही डावा-उजवा असतो ना?
असतो. पण जे जिवाणू हे बनवतात
त्यांना डावाच तेवढा येतो.
तुझ्या नखांत, पाष्ट्यांच्या मिशीत,
माझ्या ह्या बडबडणाऱ्या जिभेतही
डावाच.
ती काही बोलली नाही. नंतर तपासताना दिसलं,
मागच्या पानावर पेन्सिलीने दोन हात काढलेले,
दोन्ही डावे.

सुट्टीनंतर कुलूप उघडलं.
तळाशी निळे कण, मिठाच्या खड्याहून लहान,
भिंगाखाली कडा सरळ, पक्क्या.
सोडियम आणि सल्फेट पाण्यातच राहिले होते.
त्यांचा हात कुणी मागितलाच नव्हता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, उपयोग काय ह्याचा?
मी पोकळ्या, वायू साठवणं, औषधं
असं काहीबाही म्हणालो.
आमचं हे काहीच साठवत नाही, हेही म्हणालो.
त्यांनी चहा संपवला.

संध्याकाळी बेसिनपाशी प्रणोती
स्फटिक गाळणीत घेऊन नळाखाली धरते.
मोरचूद पाण्यात टिकत नाही.
अजिनोमोटो तर सुपात पडला की गेला.
"सर, हे जात नाहीये."
खाली पाणी नितळच पडतंय.
विक्रोळीत साडेसहाला नळाचा जोर ओसरतो,
धार करंगळीएवढी होते,
ती अजून गाळणी धरून उभी.