पिवळी स्प्रिंग

गंगापूर रोडला चष्म्याच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर सहा पलंग आहेत.
पलंगच म्हणते मी अजून.
नूपुर गायधनी म्हणते, "काकू, रिफॉर्मर."
असेल. मला पहिल्या दिवशी आठवलं ते
नाशिकरोडच्या दवाखान्यातलं बाळंतपणाचं टेबल.
तसेच पट्टे, तशीच पाय टेकायची दांडी,
आणि छताकडे बघत पडलेली मी.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
उभ्याने. कोऱ्या करकरीत, दुसऱ्यांच्या.
शाई कुठे फुटली, आकडा कुठे सरकला,
नजरेतून काही सुटलं नाही.
फक्त माझी डावी कंबर उजवीपेक्षा बोटभर वर आहे
हे एकोणसाठाव्या वर्षी
चोवीस वर्षांच्या पोरीनं सांगावं लागलं.

हाडांचा रिपोर्ट उणे दोन पॉइंट चार.
"ती काय एका महिन्यात भरत नाहीत," नूपुर म्हणाली,
"चालाही रोज, गोळीही चुकवू नका."
खोटं बोलत नाही, म्हणून राहिले.
फी ऐकून मुलगा दचकला.
पेन्शन माझी आहे, एवढंच म्हटलं.

पलंगाखाली स्प्रिंगा:
लाल जड, निळी मधली, पिवळी हलकी.
मी हुशारीने पिवळी मागितली.
गाडी सरकली आणि अंग लटलटायला लागलं,
मांड्या, पोट,
आणि जन्मात कधी ओळख न झालेले कोण कोण.
"हलकी म्हणजे सोपी नाही, काकू.
आधार कमी, की तुम्हीच जास्त धरायचं."
हे मला माहीत होतं.
आमचे हे गेल्यापासून
घर पिवळीवरच चाललंय.

शेजारी शगुफ्ता, सातवा महिना,
पाठीला उशांचा उतार.
श्वास बरगड्यांत भरता भरता
आतून लाथ बसते, ती थांबते,
आम्हीही थांबतो,
कुणीतरी रस्ता ओलांडत असल्यासारख्या.
कोपऱ्यात पिंगळ्यांची ओवी, अकरावीत.
पाळीच्या पहिल्या दिवशीही येते,
पाय पट्ट्यांत टाकून हळू गोल फिरवते, बाकी काही नाही.
तिच्या वयात मी अशा दिवशी
दोन गोळ्या घेऊन टायपिंगच्या परीक्षेला बसले होते.
कासलीवाल मावशी एकाहत्तरच्या. बाथरूममध्ये पडलेल्या.
"पडायची भीती गेली नाही गं," म्हणतात,
"पण आता पडले तर उठेन.
लाव, दोन लाल लाव."

"आतून वर उचला," नूपुर सांगते.
कुठून, तेही नाव घेऊन सांगते.
त्या जागेचं नाव मी
डॉक्टरच्या तोंडूनही पुटपुटतच ऐकलेलं.
दोन बाळंतपणं, पिशवी काढलेली,
आणि चौदा वर्षं पर्समध्ये एक जास्तीची घडी.
शिंक आली की पाय जुळवून उभी.
हसायचं मोजून.
बाहेर जायचं तर चहा नको, "आत्ताच झाला."

ढकलणं जमलं आठवड्यात.
जमेना ते परत येणं.
स्प्रिंग खेचते; खेचू द्यायचं नाही,
शेवटच्या चार बोटांत गाडी आवाज न करता टेकवायची.
मी रागाने भांडी आपटणारी बाई.
महिनाभर सगळ्या वर्गाला कळायचं
माझा एक फेरा संपला ते.

परवा वर्गानंतर सगळ्या मिसळीला गेलो.
मावशींनी कांदा बाजूला सारत
त्यांच्या व्याह्यांची काही गोष्ट सांगितली,
रस्सा घशात, हसू नाकात,
आणि मला ठसका लागला. मोठा. डोळ्यांतून पाणी.
पाय जुळवायचं लक्षातच राहिलं नाही.

लक्षात आलं तेव्हा गप्प झाले.
जरा वेळ बसून अंदाज घेतला.

काही नाही.
कोरी करकरीत.

कुणाला काही बोलले नाही.
एक पाव अजून मागवला,
आणि चहा.
फुल.