करिता

दर एप्रिलात आमचं सरकार उन्हाला भिऊन
लष्करहून इंदूरला जायचं.
पत्र्याच्या सतरा पेट्या, गोधडीत गुंडाळलेली तीन टंकयंत्रं,
लाखेच्या कांड्या वितळू नयेत म्हणून सुरईला टेकवलेल्या,
आणि सगळ्यांच्या वर कढोरेलाल शिपाई,
मांडीवर शिक्क्यांची डबी,
जावयाचं ताट धरावं तशी.
ट्रक शिवपुरीच्या रस्त्याला लागला
की दादा पेट्या पुन्हा मोजायचे,
समोर नसलेल्या, बोटांवर.

दादा म्हणजे पुरुषोत्तम गंगाधर मुंगी,
राजप्रमुखांच्या सचिवालयात वरिष्ठ लिपिक.
राजप्रमुख म्हणजे काय हो?
"ज्यांच्या नावानं सगळं होतं, ते."
मग करतं कोण?
"त्याला दुसरं खातं आहे."

आठ वर्षांत त्यांनी साहेबांना तीनदा पाहिलं,
तिन्ही वेळा पाठमोरं.
पण कुण्या जहागीरदाराची आई गेली
तर दुःख दादांना व्हायचं,
आधी कच्चं, मग पक्कं, तीन प्रतींत.
सहीच्या जागी 'राजप्रमुखांकरिता'
आणि खाली एक घाईचं वळण,
ज्यात मुंगीसुद्धा दिसत नसे.

घरीही तीच भाषा.
मी चपला मागितल्या, तर "विचाराधीन."
आई म्हणायची, आमटी पण ठेवू का विचाराधीन?

मग छप्पन साल. दिवाळीच्या तोंडावर पदच संपलं.
कुणी गेलं नव्हतं, म्हणून सुतक नाही.
राज्य दुसऱ्या राज्यात विरघळलं, राजधानी भोपाळ झाली,
आणि दादा यादी करत बसले:
खुर्च्या एकतीस. दौती नऊ.
घंटी एक, वाजत नाही.
मुद्रेचे कागद तीन रिमं, निरुपयोगी.
ते नष्ट करण्याचा हुकूम आता कुणाच्या नावानं काढायचा
हे कुणालाच ठरवता येईना.
शेवटी कढोरेलालनं सायकलला बांधून ते आमच्याकडे आणले.
मी त्यांच्या पाठीवर अपूर्णांक सोडवले.
उठावाच्या मुद्रेपाशी पेन्सिल अडखळायची,
माझे छेद तिथेच चुकायचे.

डिसेंबरात पोस्टमन दारात.
"आता हे कुठे टाकू, मुंगीबाबू?"
राजप्रमुख साहेब, ग्वाल्हेर. एवढाच पत्ता.
सबलगढची कटोरीबाई. नवरा जुन्या फौजेत नालबंद.
चार महिने पेन्शन नाही.
अक्षर दुसऱ्या कुणाचं, अंगठा तिचा.

दादांनी माझ्या वहीत रेघा मारल्या: आवक क्रमांक एक.
तीन रिमं कोपऱ्यात पडलेली,
तरी त्यांनी साधा कागद मागितला.
लिहिलं, बाई, तुमचं पत्र पोचलं.
ज्यांना लिहिलंत ते पद आता नाही.
कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे ते खाली देतो.
मी भोपाळला निघालो आहे, तिथे विचारीन.
मग हात सवयीनं 'करिता'कडे वळला
आणि थांबला.
ताट वाढलंय, आईनं दोनदा सांगितलं.
कुणाकरिता, हे त्यांना सापडत नव्हतं.
अखेर त्यांनी नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट,
पहिलीतल्या पोरासारखं
एकेक अक्षर डोक्यावरच्या रेघेला टांगत.

फेब्रुवारीत भोपाळच्या क्वार्टरवर पार्सल आलं.
पेन्शन सुरू झालं की नाही, त्याबद्दल अवाक्षर नाही.
वर पत्ता: श्रीमंत राजप्रमुख मुंगी सरकार.
दादांचे कान लाल झाले,
कागद त्यांनी घाईनं उलटा केला,
शेजारचे बघतायत का, पाहिलं.
मग वही काढली. आवक क्रमांक दोन.
शेऱ्याच्या रकान्यात, त्याच सुबक अक्षरात:
गजक, अंदाजे पाव शेर, वाटेत चुरा झालेली.
मुलांत निकाली काढली.