सोबत कोण

चावडीच्या बाजारात सुकांती पागी
सकाळी सहाला पाटी मांडायची:
तारले, बांगडे, नशीब असेल तर मुडदुशी.
बायकांचा संडास होता, कुलूप घातलेला.
किल्ली कोणाकडे, ते वीस वर्षांत कळलं नाही.
म्हणून दुपारपर्यंत ती पाणी पीत नसे.
माशांवर शिंपडायची तेवढंच.

पहिला कागद आला तेव्हा क्रिएटिनिन एक पॉइंट एक.
कागद म्हणाला, ठीक.
त्यावर छापलेली हद्द
कोणा सत्तर किलोच्या गड्याच्या मापाची;
सुकांती एकोणचाळीस, ओल्या लुगड्यासकट.
अंगावर मांसच नाही,
तर रक्तात त्याची राख येणार कुठून?
एवढं साधं गणित
मलाही नोकरी लागून तीन वर्षांनी समजलं.
तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या.
त्याच महिन्यात नवऱ्याचा आकडा आला एक पॉइंट सहा.
तो बांबोळीला गेला, भाड्याची गाडी करून.
सोबत तीच.
मुतखडा होता. निघाला.

मी मशीन लावते. आमच्याकडे खुर्च्या पाच.
एक नंबर, आंतोन फेर्नांदिश:
बायकोचं जुळलंय, तारीख मिळायची आहे.
तीन नंबर, पुरसो गावकर:
बहीण तयार, मेव्हणा नाही म्हणतो,
पण होईल.
पाच नंबरला विचारलं,
तुमच्यासाठी कोणाची तपासणी चालू आहे?
ती हसली, पदर न लावता, सरळ.
"म्हाका कोण दितलो गो?"
थोरला बोटीवर.
धाकट्याचं लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना काय सांगायचं.
नवरा म्हणतो, चवथ होऊन जाऊ दे.
कुठली चवथ, ते तो सांगत नाही.

डाव्या मनगटात नस जोडायची होती
तेव्हा बांगड्या काढायला सांगितल्या.
त्या हातावर दाब नको, सुई नको, ओझं नको.
एवढे लाड त्या हाताचे कोणी केले नव्हते.
तिने साबण लावून एकेक उतरवली.
फुटू दिली नाही एकही.
सगळ्या उजव्या हातात चढवल्या, जवळजवळ कोपरापर्यंत,
आणि सासूसमोर जाताना
डावा हात पदराखाली.

महिन्याभराने तोच हात माझ्या कानाला लावला.
ऐक.
कातडीखाली घरघर,
तळपणच्या नदीतून पहाटे बाहेर पडणाऱ्या होडीसारखी.
"घोवाची होडी पावसात बंद असते," म्हणाली,
"ही नाही."

रजिस्टरात एक रकाना आहे: सोबत कोण.
पुरुषांच्या ओळींत
बायको, बायको, आई, बायको.
तिच्या ओळीत मी दोन महिने रेघ मारत होते.
वजन, रक्तदाब, रेघ.
कधी वाटायचं, 'कदंबा' लिहावं,
साडेसहाची बस तरी तिला रोज ओळखत होती.

मग एका गुरुवारी तिनेच पेन मागितलं.
सही तेवढी येते तिला.
त्या रकान्यात तिने
स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश,
रेघेला धरून, जीभ दातांत पकडून.
पेन ठेवलं, पिशवी उचलली,
दारापर्यंत गेली,
थबकली,
परत येऊन
राहिलेला काना दिला.